"जाऊ दे, तुला नाही कळणार": मुलांच्या बोलण्या-लिहिण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही म्हटलं होतं की घरातली, वर्गातली मोठी होणारी मुलं नीट बोलत नाहीत, नीट लिहीत नाहीत असं वाटत असेल तर प्रश्न पाठवा. पत्रं भरपूर आली, त्यातली काही निवडून इथे घेतलीयत. नावं अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा नववीत आहे. मित्रांशी फोनवर तासन्‌तास बोलतो, पण घरी काही विचारलं की "हो", "नाही", "माहीत नाही", बस्स. कधी मूडमध्ये येऊन सांगायला लागलाच तर "तो आला ना, मग त्याने त्याला सांगितलं, मग ते भडकले", असं. कोण आला, कोण भडकलं काही पत्ता लागत नाही. विचारलं की "जाऊ दे, तुला नाही कळणार". याला नीट सांगायला कसं शिकवू? (एक आई, चिंचवड)

ताई, तुमच्या मुलाला बोलता येतंय, मित्रांशी तासन्‌तास बोलतो म्हणजे येतंयच. पण ते मित्र तिथे हजर होते, त्यांना "तो" म्हटलं की पुरतं, आणि तुम्ही तिथे नव्हता. समोरच्याला काय माहीत नाहीये याचा अंदाज घेऊन बोलणं ही वेगळी गोष्ट आहे, ती आपोआप येत नाही आणि शाळेत कोणी मुद्दाम शिकवतही नाही. माझ्या मते बोलणं असो की लिहिणं, सगळी गडबड इथेच होते.

त्यावर उपाय एकच, त्याला असा ऐकणारा मिळवून द्या ज्याला खरंच काही माहीत नाही आणि ज्याचं काम अडलेलं आहे. घरी पाहुणे येणार असतील तर रस्ता त्याला सांगू द्या, आणि लोकेशन पाठवायचं नाही, फोनवर तोंडी सांगायचं, स्टेशनवरून बाहेर पडल्यावर कुठल्या बाजूला, कुठली खूण, किती नंबरची बिल्डिंग. पाहुणे चुकले तर तेच परत फोन करतील, आपलं कुठे सांगायचं राहिलं ते त्याला लगेच कळेल, तुम्हाला एक शब्द बोलावा लागणार नाही. मॅच संपली की गावी आजीला फोन करून शेवटच्या ओव्हरमध्ये काय झालं ते सांगू दे. वॉशिंग मशीन बंद पडली तर कंप्लेंटचा फोन त्याच्याकडे द्या, काय बिघडलंय, कधीपासून, आधी रिपेअर केलं होतं का.

आणि एक जागा अशी आहे जिथे आपण सगळेच मुलांच्या तोंडचे शब्द काढून घेतो, ती म्हणजे डॉक्टरांची केबिन. डॉक्टर मुलाला विचारतात "काय होतंय?" आणि उत्तर आई देते. तिथे गप्प बसा. कुठे दुखतंय, कधीपासून, कशाने वाढतं, काय खाल्लं होतं, हे त्याला सांगू द्या, अडखळला तरी चालेल, डॉक्टर विचारतील पुढचं.

राहिला घरातला प्रश्न. "कसा गेला दिवस?" याला "बरा" शिवाय उत्तर नसतं, मोठ्यांनाही नसतं. छोटं विचारा, "प्रॅक्टिकलला पार्टनर कोण होतं आज?" असं. तो सांगत असताना फक्त "तो म्हणजे कोण?" एवढंच विचारायचं, मध्ये सल्ला नको. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "म्हणून तर मी सांगत असते अभ्यास कर" असं ऐकावं लागलं तर कुठलंही पोर सांगणं बंद करेल हो. समोर बसवून विचारण्यापेक्षा भाजी निवडताना, स्कूटरवर मागे बसलेला असताना जास्त बोलतात मुलं, तोंडाकडे कोणी बघत नसतं ना.

प्रश्न: मी दहावीला मराठी शिकवतो. कृतिपत्रिकेत, म्हणजे बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेत, उपयोजित लेखनाला (पत्र, निबंध, बातमी वगैरे) 24 गुण आहेत, त्यामुळे मुलं गाईडमधले निबंध आणि पत्रं पाठ करून येतात. पन्नास वह्या तपासल्या तर चाळीसांत "पहाटेची रम्य वेळ होती" सापडतं. स्वतःचं लिहा म्हटलं की पेन खाली ठेवून बसतात. गुणही जायला नकोत आणि स्वतःचंही लिहायला हवं, कसं जमवायचं? (एक शिक्षक, लातूर)

सर, तुमच्या पत्रातली तळमळ पोचली. मुलं पाठ का करतात, कारण त्यांना माहीत असतं की हे कोणी वाचणार नाहीये, फक्त तपासणार आहे. ज्याला वाचणाराच नाही ते मन लावून का लिहावं, हा त्यांचा हिशोब बरोबरच आहे. तेव्हा वर्षातलं थोडं तरी लिखाण असं करा की ते कोणीतरी वाचेल आणि वाचून काहीतरी करेल.

तुम्ही लातूरचे आहात म्हणून तिथलंच घेतो. "पाणी हेच जीवन" हा विषय दिला की मुलं जलचक्र लिहितात आणि शेवटी "थेंब थेंब वाचवा". त्याच मुलांच्या गावात 2016 च्या मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी गर्दी नको म्हणून जमावबंदी लावायला लागली होती, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, साधारण 5 लाख लिटर. आता दहावीत असलेली मुलं तेव्हा एवढीशी होती, पण त्यांच्या आया, आज्या, शेजारचे टँकरवाले काका सगळे आहेत की! घरी जाऊन विचारून या म्हणावं, तेव्हा आपल्या घरी पाणी किती दिवसांनी यायचं, कोण भरायचं, कुठल्या भांड्यात साठवायचं, भांडी घासलेल्या पाण्याचं काय करायचे. उत्तरं वहीत जशीच्या तशी लिहून आणायची, आईच्या शब्दांत. दुसऱ्या दिवशी त्यातून दहा ओळी. "पहाटेची रम्य वेळ" त्यात शिरूच शकत नाही कारण लिहायला खरं काहीतरी हाताशी आहे. मुलांना शब्द सुचत नाहीत असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा त्यांच्याकडे माहितीच नसते आणि ती रिकामी जागा भरायला अलंकार येतात.

दुसरी गोष्ट, माहितीच्या अधिकाराचा अर्ज. हा 2005 चा कायदा आहे, अर्जाची फी 10 रुपये, साधारण 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि आपल्या महाराष्ट्राच्या नियमात असं आहे की एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो 150 शब्दांच्या आत. लेखनाच्या सरावासाठी यापेक्षा चांगली मर्यादा कुठे मिळणार सांगा! शाळेसमोरचा रस्ता खोदून ठेवलाय, त्याचं काम कोणाला दिलंय, किती रक्कम मंजूर झाली, कधी संपायला हवं होतं, एवढंच विचारायचंय. मुलं आधी पानभर संताप लिहितील, "प्रशासन झोपले आहे का", मग त्यांना म्हणा की आता यातून ऑफिसमधला माणूस काय शोधून देणार ते दाखवा. कळतं त्यांना बरोबर. संतापाची वाक्यं मुलं आपणहून खोडतात, रस्त्याचं नाव आणि तारीख घालतात. अर्ज खरंच पाठवायचा असेल तर एखाद्या पालकाच्या नावाने पाठवा, उत्तर आलं तर वर्गात मोठ्याने वाचा.

तिसरी गोष्ट वर्गातच होण्यासारखी. एकाने लिहायचं आणि शेजारच्याने ते मोठ्याने वाचायचं, लिहिणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. "मला असं म्हणायचं होतं" हे बोलायला बंदी. वाचणारा जिथे अडखळेल तिथे लिहिणाऱ्याने फक्त पेन्सिलने खूण करायची. कृती लिहायला दिली तर अजून छान, फेटा कसा बांधायचा किंवा सायकलची चेन कशी बसवायची, आणि दुसऱ्याने लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःची अक्कल लावायची नाही. वर्ग हसतो, कल्ला होतो, पण "मग ते तिथून घ्या" यातलं "ते" म्हणजे काय हे लिहायला हवं होतं हे पोरांना जन्मभर लक्षात राहतं.

गुणांची काळजी म्हणाल तर पत्राचा साचा पाठ करायला माझी अजिबात हरकत नाही. दिनांक, प्रति, विषय, महोदय, हे ठरलेलंच असतं आणि ते चुकवून काही मिळत नाही. साचा पाठ, आतला मजकूर स्वतःचा, एवढं सांगा. बातमीलेखनावर जरा जास्त वेळ द्या, कारण कुठे, कधी, कोणी, काय, का ही पाच उत्तरं पहिल्या दोन वाक्यांत यायला हवीत ही शिस्त एकदा लागली की ती पत्रात पण उतरते, सारांशात पण उतरते, आणि पुढे नोकरीत रिपोर्ट लिहितानाही. आणि वह्या तपासताना प्रत्येक ऱ्हस्व-दीर्घाला लाल गोल नको. एका वहीत एकाच प्रकारच्या चुका धरा, या वेळी फक्त वाक्य कुठे संपवायचं ते, पुढच्या वेळी शुद्धलेखन. लाल झालेलं पान बघून मूल पुढच्या वेळी लहान, सोपं, पाठ केलेलंच लिहितं, त्यात चूक होत नाही म्हणून.

प्रश्न: मी क्लास घेते. अकरावीची मुलं मला "मॅम उद्या नाही" एवढाच मेसेज टाकतात. क्लास नाही का विचारतायत की येणार नाही सांगतायत, काही कळत नाही. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर देऊ नका. म्हणजे रागाने नाही, आधी सगळ्यांना सांगून ठेवा की मेसेजमध्ये तीन गोष्टी असतील तरच उत्तर मिळेल: मी कोण आणि कुठल्या बॅचचा, काय झालंय, आणि तुमच्याकडून मला काय हवंय. "मॅम, मी सकाळच्या बॅचचा अमुक, उद्या कॉलेजची टेस्ट आहे म्हणून येणार नाही, नोट्स परवा मिळतील का?" एवढंच पुरे. मराठी रोमन अक्षरात टाइप केलं तरी चालेल, दोन इमोजी असले तरी चालतील, त्यावर वाद घालण्यात वेळ घालवू नका, आधी काय म्हणायचंय ते कळू दे. आणि तुमचे स्वतःचे मेसेजही तसेच पूर्ण हवेत हं, मुलं तेच बघून शिकतात.

प्रश्न: मी आठवीत आहे. मला वर्गात उत्तर येत असतं पण उभं राहिलं की घसा कोरडा पडतो. शिक्षक दिनाला मला भाषण दिलं होतं, मी पूर्ण पाठ केलं होतं तरी मध्येच विसरले आणि खाली आले. आता बाई म्हणतात वक्तृत्व स्पर्धेत भाग घे म्हणजे भीती जाईल. मला नको वाटतंय. (एक मुलगी, सातारा)

तू एवढं स्वच्छ पत्र लिहिलंयस की मला पहिल्या वाचनात सगळं कळलं, तेव्हा तुला सांगता येत नाही असं अजिबात नाही.

तू विसरलीस कारण तू शब्द पाठ केले होतेस. शब्द पाठ केले की एक शब्द निसटला तरी पुढचं सगळं निसटतं, मोठमोठ्या लोकांचं होतं असं. पुढच्या वेळी भाषण लिहून काढू नकोस. मला तीन गोष्टी सांगायच्यात, त्या कुठल्या, एवढं एका चिठ्ठीवर लिही, प्रत्येकीला दोन-तीन शब्द. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य मात्र पक्कं पाठ कर, कारण सुरुवात झाली की आवाज सापडतो आणि शेवट माहीत असला की कुठे थांबायचं ते कळतं. मधलं तू मैत्रिणीला सांगतेस तसं सांग, दर वेळी वेगळे शब्द आले तरी बिघडत नाही. घरी सराव करताना आरशासमोर नको, माणसासमोर कर. आजी असेल, धाकटा भाऊ असेल, त्याला शेवटी विचार, "मी काय सांगितलं?" त्याला सांगता आलं तर तुझं भाषण तयार आहे.

मध्ये आठवलं नाही तर थांब. चिठ्ठी बघ, श्वास घे, पुढे बोल. तुला ते फार वेळ वाटतं, ऐकणाऱ्यांना वाटत नाही. छाती धडधडते, हात गार पडतात, ते सगळ्यांचंच होतं आणि पहिल्या मिनिटानंतर कमी होतं.

स्पर्धेचं म्हणशील तर, आत्ताच नको वाटत असेल तर बाईंना तसं सांग, त्यात काही वाईट नाही. आवाज चढवून, हात उंच करून "मित्रहो!" म्हणायचं ते स्पर्धेचं बोलणं हा बोलण्याचा एकच प्रकार आहे, तो आला नाही तरी तुझं काही अडणार नाही. त्याऐवजी बाईंना म्हण की मी रोज परिपाठाला एक बातमी सांगते किंवा गणितातलं एक उदाहरण फळ्यावर समजावते. छोटं, पण नेहमी. वर्गात उत्तर येत असेल तर पहिल्या पाच मिनिटांतच हात वर कर, जितकं थांबशील तितकं जड होत जातं. आणि बाई, हे तुम्ही वाचत असाल तर विनंती आहे, तिने हात वर केला की तिला थोडा वेळ द्या, बाकीच्यांना मध्ये बोलू देऊ नका.

प्रश्न: माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे, बोलताना अडखळतो, काही अक्षरांवर फारच. शाळेने प्रेमानेच सांगितलं की त्याला तोंडी परीक्षेतून सूट देऊ. घ्यावी का? आम्ही त्याला सतत "हळू बोल, श्वास घे" सांगतो पण फरक नाही. (एक आई, म्हापसा)

ताई, आधी हे सांगतो की तोतरेपणा म्हणजे बुद्धी कमी किंवा आत्मविश्वास कमी असं अजिबात नाही, आणि तुमच्याकडून काही कमी पडलं म्हणूनही झालेलं नाही. "हळू बोल, श्वास घे" हे आपण मायेने म्हणतो पण मुलाला ऐकू येतं ते "तू चुकीचं बोलतोयस". ते थांबवा. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका, त्याच्या तोंडाकडे काळजीने बघू नका, नेहमीसारखं डोळ्याकडे बघा आणि तो काय सांगतोय त्याला उत्तर द्या, कसं सांगतोय त्याला नाही. तुम्ही स्वतः जरा सावकाश बोलायला लागलात, वाक्यांच्या मध्ये थोडं थांबायला लागलात तर घरातली घाई कमी होते, त्याचा उपयोग होतो.

स्पीच थेरपिस्टला नक्की दाखवा, तेरा वर्षं म्हणजे उशीर झालेला नाही. तुमच्या जवळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा, आणि मुंबईला येणं शक्य असेल तर वांद्र्याला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणासाठीची राष्ट्रीय संस्था आहे. थेरपीने अडखळणं पूर्ण जाईलच असं कोणी वचन देत असेल तर त्याच्यापासून लांब राहा. अडखळत का होईना पण न लाजता बोलणं, हे ध्येय ठेवा.

सरसकट सूट मला पटत नाही. सूट मिळाली की मुलगा शिकतो की न बोलणं सोयीचं आहे, मग तो हॉटेलात ऑर्डर देणं टाळतो, फोन टाळतो, जे शब्द अवघड जातात ते टाळून भलतेच शब्द वापरतो. त्यापेक्षा शाळेला सांगा की तोंडी घ्या पण वर्गासमोर नको, एकट्या शिक्षकांसमोर घ्या, वेळ जास्त द्या, आणि गुण उत्तराला द्या, वेगाला नको. पण हे ठरवायच्या आधी त्यालाच विचारा त्याला काय हवंय, तो तेरा वर्षांचा आहे.

प्रश्न: आम्ही धुळ्याहून पुण्याला आलो. घरी अहिराणी बोलतो. मुलगी सातवीत आहे, तिच्या बोलण्याला वर्गात हसतात म्हणून ती आता शाळेत बोलतच नाही. आम्ही घरी पण पुस्तकी मराठी बोलायला लागावं का? (एक वडील, पुणे)

नका दादा, मुळीच नका. घरात तुम्ही अवघडून बोलायला लागलात तर ती शाळेत गप्प आहे तशी घरीही गप्प होईल. ज्या भाषेत तिला भांडता येतं, गोष्ट सांगता येते, आजीची थट्टा करता येते ती भाषा तिचं सगळ्यात पक्कं भांडवल आहे. पुस्तकी मराठी ती शिकेल, वर्षभर कानावर पडली की येते, ती वाचनातून, रेडिओवरच्या बातम्यांतून येऊ दे. एकच गोष्ट दोन प्रकारे सांगायचा खेळ खेळा, गावच्या काकाला कशी सांगशील आणि वर्गात कशी सांगशील. कोणासमोर कसं बोलायचं हे ओळखायला बाकीच्या मुलांना मुद्दाम शिकवावं लागतं, तुमच्या मुलीला रोजच्या जगण्यातून ते मिळतंय.

हसणाऱ्यांचं मात्र शाळेत जाऊन बोला. तो तुमच्या मुलीच्या भाषेचा प्रश्न नाही, वर्गाच्या वागण्याचा आहे, आणि तो शिक्षकांनीच सोडवायला हवा.

प्रश्न: माझी मुलगी बारावीत आहे. प्रोजेक्ट, भाषण, कॉलेजचा अर्ज, अगदी मैत्रिणीच्या वाढदिवसाचा मेसेज पण एआयकडून लिहून घेते. लिहिलेलं छान असतं. मी ओरडले तर म्हणते, "सगळे करतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं लिहितं ते." काय बोलू? (एक आई, नागपूर)

"चांगलं लिहितं" यावर वाद घालू नका, वाक्यं सुबक असतात हे खरंच आहे. तिला एवढंच म्हणा की कागद बाजूला ठेव आणि यात काय लिहिलंय ते मला तोंडी सांग. स्वतः विचार केलेला असेल तर सांगता येईल. नाही आलं तर ते तिलाच जाणवेल, तुम्ही ओरडायची गरज नाही. कॉलेजच्या अर्जाच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं, कारण पुढे मुलाखतीत समोरचा माणूस अर्जातलंच एखादं वाक्य धरून विचारतो, "हे जरा सविस्तर सांगाल?"

बंदी घातलीत तर लपून करेल, म्हणून क्रम बदलायला सांगा. आधी तिने तुम्हाला किंवा बहिणीला पाच मिनिटं तोंडी सांगायचं, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, मग ते ऐकून स्वतःचा कच्चा मसुदा हाताने लिहायचा, वाकडातिकडा चालेल. त्यानंतर हवं तर एआयला विचारू दे, पण "लिहून दे" नाही, "हे वाचून तुला काय कळलं नाही, कुठे माहिती कमी वाटते" असं. त्याच्या प्रश्नांची उत्तरं तिने स्वतः लिहायची. असं केलं तर ते यंत्र तिला एक वाचणारा म्हणून उपयोगी पडतं आणि लिहिणारी तीच राहते.

वाढदिवसाच्या मेसेजचं वेगळं आहे. तिथे मदत नकोच. दोन ओळी असू देत, शुद्धलेखन चुकू दे, पण त्या मैत्रिणीबरोबरची एक खरी आठवण त्यात हवी. तुमच्या मुलीच्या वाढदिवसाला तिलाही असे मेसेज येतील, कोणता मेसेज तिने जपून ठेवलाय ते तिला एकदा विचारा.